तारेला मिस कॉल

बापाचा हात मी मोडला. उजवा, मनगटाच्या जरा वर. गावात ही गोष्ट अजून सांगतात, आणि मी शेजारी उभी असले तरी कुणी आवाज खाली करत नाही. सांगू देत, मला काय फरक पडतो, असं मी म्हणते. पण पडतो. म्हणून एकदा माझ्या तोंडानं सांगते.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, केशोरीकडच्या रस्त्यावर, जंगलाला लागून. रस्त्यावर माझं एका शटरचं दुकान आणि मागे राहायची खोली. बाबा आणि भाऊ गावातल्या घरी राहतात. मी मोबाईल, मिक्सर, पंपाचे स्टार्टर दुरुस्त करते आणि झटका मशीन बनवते. झटका मशीन म्हणजे शेताभोवतीच्या तारेत क्षणभर करंट सोडणारी पेटी. रानडुक्कर तारेला शिवलं की असा दणका बसतो की ते किंचाळत जंगलात पळतं. पण मरत नाही. माणूस शिवला तर माझ्या नावानं शिव्या देतो आणि घरी जाऊन जेवतो.

डुक्कर मेलंच पाहिजे असं ज्याला वाटतं तो पेटी घेत नाही. तो पंपाच्या लाईनवरून वायर ओढतो आणि सरळ कुंपणाच्या तारेला बांधतो. आमच्याकडे त्याला 'डायरेक्ट' म्हणतात. डायरेक्टला शिवलेलं सुटत नाही. डुक्कर मरतं, गाय मरते, पाणी पाहायला निघालेला शेजारी मरतो. मग पोलीस येतात, बाई ऊर बडवते, आणि पुढच्या हंगामात कुणीतरी पुन्हा वायर ओढतोच. असे मेलेले मी पाहिलेत. त्यांचे हात बघवत नाहीत.

पेटीच्या आत बोटाएवढी एक चिप असते आणि ती काय करते ते मी सी भाषेत लिहिते. सी मी गोंदियाला पॉलिटेक्निकमध्ये शिकले. शिकले म्हणजे मार खाऊन शिकले. सर हिंदीत शिकवायचे. एक दिवस त्यांनी फळ्यावर एक कंस काढला, कंसात स्टार, त्याला लागून एक नाव आणि पुढे आणखी एक कंस. म्हणाले, ये फंक्शन पॉइंटर है, इसमें फंक्शन का पता रहता है. फंक्शन म्हणजे चिपला नाव देऊन लिहून दिलेलं एक काम. मी उभी राहिले आणि विचारलं, सर, फंक्शनला नाव आहे तर नावानं हाक मारायची, पत्ता कशाला पाहिजे? सरांना वाटलं मी उलटं बोलून राहिले. त्यांनी डस्टर फेकून मारला. तो भुवईवर लागला आणि रक्त आलं. मी तोच डस्टर उचलून परत फेकला. त्यांच्या खांद्याला लागला. मला वर्गाबाहेर काढलं.

बाहेर व्हरांड्यात भुवईवर रुमाल दाबून उभी होते तेव्हा फोन वाजला आणि थांबला. बाबाचा मिस कॉल. माझ्या बापानं जन्मात फोनवर बोलणं केलं नाही. तो फक्त मिस कॉल द्यायचा, मग आम्ही लावायचं. मी लावला की कधी भाऊ उचलायचा, कधी चहाच्या टपरीवाला, कधी बाबा स्वतः नुसता खोकायचा. नंबर एकच. पलीकडे कोण असेल आणि काय करेल हे मला माहीत नसायचं आणि माहीत असायची गरजही नव्हती. मी नंबर लावायची, तिथं जो असेल तो आपलं काम करायचा. तेव्हा रक्ताळलेल्या रुमालासकट माझ्या टाळक्यात उजेड पडला. पॉइंटर म्हणजे काम नाही, काम जिथं आहे तो नंबर. ओळ तीच लिहायची, नंबर बदलला की काम बदलतं.

बाबाबद्दल आधीच सांगून टाकते. तो मारायचा. बैल हाकायच्या तुतारीनं मारायचा, मला आणि भावालाही. भाजी करपली, बकरी सुटली, परीक्षेत नापास, परीक्षेत पास होऊन जास्त बोलली, सगळ्याला तुतारी. म्हातारा झाला तेव्हा तुतारी सुटली, जीभ राहिली. मी त्याच्यावर प्रेम करते का, असं कुणी विचारलं तर मी त्या माणसाला दुकानातून हाकलून देईन.

तरी पेटी बनवली ती त्याच्यासाठीच. घरच्या शेताभोवती तार लावली तेव्हा पहिली काळजी हीच होती की बाबा रोज उजाडता उजाडता पाणी पाहायला जातो आणि तार हातानं वर उचलून खालून वाकून आत शिरतो. फाटकाकडून वळसा घालून जा म्हटलं तर ऐकेल तर तो माझा बाप कसला. म्हणून पेटीत मी एक सिम घातलं आणि तीन कामं लिहिली. पहिल्याचं नाव झटका. दुसऱ्याचं गप्प. तिसऱ्याचं बोंब. आणि एक पॉइंटर, जो या तिघांपैकी एकाकडे बोट दाखवतो. पेटी दर सेकंदाला पॉइंटरनं दाखवलेलं काम करते, कोणतं ते तिला विचारायचं नाही. घरच्या नंबरवरून मिस कॉल आला की पॉइंटर झटक्यावरून गप्पवर जातो, तारेतला झटका थांबतो आणि पेटी कॉल कापते. कॉल कटला म्हणजे तार मेली, ये आत. नुसती रिंग वाजत राहिली तर शिवायचं नाही. परत आलं की पुन्हा मिस कॉल, पुन्हा झटका. आणि तार पेटीपासून सुटली तर बोंब, म्हणजे पेटी माझ्या फोनवर कॉल करत सुटते, मी कापेपर्यंत.

पॉइंटरला पत्ताच दिला नसेल तर तो कुठंही उडी मारतो आणि काय करेल त्याचा नेम नाही. म्हणून सुरुवातीला तो मी गप्पवरच ठेवते. पेटी चालू झाली, बंद पडली, वीज पडली, माकडानं पाडली, काहीही झालं तरी आधी गप्प. मारायचं काम माझ्या पेटीत लिहिलेलंच नाही.

बाबाला हे फार आवडलं. बोलून दाखवलं नाही, पण टपरीवर सांगायचा, आमच्या तारेला मी मिस कॉल देतो. गावातले अर्धे लोक नुसतं ते बघायला यायचे. मग बाकीच्यांनीही पेट्या घेतल्या आणि सकाळी सकाळी अख्खं गाव आपापल्या तारेला मिस कॉल देत बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शिरू लागलं.

त्या वर्षी धान लोंब्यांनी वाकला होता आणि डुकरांनी जंगलाकडची बांधी उलथी केली. कापायला आलेला धान त्यांनी खाल्ला तेवढा खाल्ला, बाकीच्यात लोळून चिखल केला. तारेखाली गवत माजलं होतं. गवत तारेला टेकलं की झटका गवतातून जमिनीत उतरतो, डुकराला नुसती खाज सुटते. भावाला मी पावसाळाभर सांगत होते की गवत काप. कापायला कंबर वाकवावी लागते, ती त्याची वाकत नाही.

संध्याकाळी तो दुकानात आला. डोळे लाल, पायाला मांडीपर्यंत चिखल.

"डुकरं गुदगुल्या करून घ्यायले येतात तुया तारेवर," तो म्हणाला. "पेटीत वाढव."

"गवत कापलास?"

"वाढव म्हणून सांगून रायलो ना. एकदा पकडला की सोडाचा नाई, असं कर."

"तसं काम पेटीत नाही. पॉइंटर कुठंही फिरव, सापडणार नाही."

"मंग लिव."

"बाबा त्याच तारेखालून जातो," मी म्हणाले. "बाबाले मारतोस का?"

त्यानं थोबाडीत मारली. मी लहानपणापासून घरी मार खाल्लेला, पण भावाकडून कधी नाही. आम्ही दोघं एकाच तुतारीखालचे. माझ्या हातात वायरींना जोड लावायचा गरम सोल्डर होता. मी तो त्याच्या दंडावर टेकवला आणि दाबला. कातडं जळाल्याचा वास आला. तो ओरडला नाही, त्यानं टेबल उलटवलं. सुटे भाग, स्क्रू, लोकांचे उघडलेले मोबाईल, सगळं फरशीवर. माझा फोन उचलून त्यानं भिंतीवर हाणला आणि वरून टाचेनं चुरला. मी त्याच्या केसांना धरलं, त्यानं मला शटरवर ढकललं. टपरीवरचे लोक बघत होते, सोडवायला कुणी आलं नाही. भावाबहिणीचं भांडण म्हणून बघत होते.

तो गेला. मी शटर ओढलं, ओठावरचं रक्त धुतलं आणि शिव्या देत झोपले.

सकाळी तांबडं फुटत होतं तेव्हा उठले. आधी फरशी आवरायला घेतली. चुरलेल्या फोनमधून सिम काढलं, दुरुस्तीला आलेल्या एका बटणाच्या फोनमध्ये घातलं आणि चालू केला. टॉवर आला न आला तोच फोन वाजला. पेटीचा नंबर. बोंब.

तार सुटलीय. डुकरांनी तोडली असेल म्हणून मी कॉल कापला. मग टाळक्यात काहीतरी खटकलं आणि भावाला लावला. बराच वाजला. मग जड आवाज आला.

"पेटीची तार निघालीय," मी म्हणाले.

"मीच काढलो. डायरेक्ट टाकलो."

"बाबा कुठं हाय?"

खाटेवरून उठल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला.

"चप्पल नाई," तो म्हणाला. आवाज रडका झाला होता. "मले वाटलं मी आधी उठन. उठून काढन. झोप लागली वं."

त्या आठवड्यात पंपाची लाईट रात्रभर असायची आणि दिवस वर आल्यावर जायची. म्हणजे तार अजून जिवंत होती. आणि पेटीही जिवंत होती, सोलरवर, सिमसकट. बाबा मिस कॉल देणार, पेटी पॉइंटर गप्पवर नेणार आणि इमानदारीनं कॉल कापणार. तारेशी तिचा आता काहीच संबंध नव्हता, पण बाबाला ते कुठून कळणार? कॉल कटला म्हणजे ये आत.

मी बाबाला फोन लावला. एक रिंग, आणि त्यानं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तारेला मिस कॉल द्यायला लागल्यापासून माझा बाप फोन उचलतच नाही. त्याच्यासाठी फोन म्हणजे मिस कॉल, आणि आमच्या घरात कापणं म्हणजे ठीक आहे. मी मरू नको म्हणून सांगायला फोन करत होते आणि तो मला ठीक आहे म्हणून सांगत होता. मला आयुष्यात त्याचा इतका राग कधी आला नव्हता.

शटर ओढायची सळई हातात घेतली, ती लोखंडी म्हणून फेकली, आणि कपडे वाळत घालायची बांबूची काठी घेतली. वाळलेली, चांगली जाड. स्कूटी काढली. पांदणीत दोनदा पडले, गुडघा फुटला. शेवटचा धुरा, शेताचा बांध, पळत गेले.

बाबा तारेपाशी उभा होता. धोतर खोचलेलं, बाजूला त्याचं कुत्रं. फोन कानाला लावलेला होता. त्यानं तो खाली घेतला, पाहिला आणि खिशात टाकला. म्हणजे कटला होता.

"बाबा, नोको शिवू, करंट हाय तारेत."

त्यानं वळून पाहिलं. मी काठी घेऊन धावत येते आहे, केस मोकळे, तोंड सुजलेलं.

"मिस कॉल देलो ना," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत बघत रोजच्यासारखा उजवा हात तारेकडे नेला.

मी मारलं. जीव खाऊन मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला काठीतून हातात कळला. बाबा धुऱ्यावर बसला. खोटं कशाला सांगू, त्या फटक्यात हात वाचवायचा होता हे खरं, पण लहानपणचे सगळे फटकेही त्यात होते. दोन्ही एकाच काठीत होते आणि मला ते वेगळे करता आले नाहीत, अजून येत नाहीत.

तो उठला आणि डाव्या हातानं माझ्या कानाखाली वाजवली. मी पडले. तो लाथ घालत बोलत होता.

"बापावर काठी उगारतेस, पोट्टी? कटला म्हंजे ये, हे तूच शिकवलीस ना मले? मंग आता तुयी पेटी खोटी का तू खोटी?"

"पेटी खरी हाय. तार पेटीची नाई रायली. भावानं डायरेक्ट टाकला."

"भावाचं नाव नोको घेऊ."

आणि निव्वळ हट्टानं, मला खोटं पाडायला, त्यानं डावा हात तारेकडे नेला. मी पडल्या पडल्या त्याचे दोन्ही पाय धरून ओढले. तो तारेच्या अलीकडच्याच चिखलात तोंडावर आला. मोडका हात अंगाखाली आला तसा तो बैलासारखा हंबरला. मी त्याच्या पाठीवर बसले. सत्तरीतला माणूस, पण ताकद काही कमी नव्हती. त्यानं मला चावलं. मी त्याची मान चिखलात दाबली आणि ओरडत राहिले, करंट हाय, करंट हाय.

कुत्रं आमच्याभोवती भुंकत फिरलं. मग रोजच्या सवयीनं, मालक आता येईलच म्हणून, तारेखालून पलीकडे निघालं. पाठ तारेला लागली. भुंकणं मध्येच कापलं गेलं. चारही पाय ताठ झाले आणि ते तिथंच उभ्या उभ्या थरथरत राहिलं, पडायलाही तयार नाही. केस जळायला लागले.

बाबाची धडपड थांबली. मग वेगळीच सुरू झाली, कुत्र्याकडे जायची. त्याला ओढून काढायला तो चिखलातून सरपटत निघाला आणि मला पुन्हा त्याला दाबून धरावं लागलं. आता तो शिव्या देत नव्हता. "सोड वं बाई, सोड," म्हणत होता. बाई म्हणून त्यानं मला कधी हाक मारली नव्हती. मी सोडलं नाही. कुत्रं पडेपर्यंत सोडलं नाही.

मग मी पंपाच्या खांबापाशी जाऊन कटआऊट, म्हणजे फ्यूज, ओढला आणि तार तोडली.

घरी भाऊ ओसरीवर बसला होता. बाबानं भिंतीवरची तुतारी काढली आणि डाव्या हातानं त्याला झोडपलं. भाऊ हललासुद्धा नाही, हात आडवा घातला नाही. दंडावर माझा डाग होता, त्यावर वळ उठत गेले. बाबाचा उजवा हात नुसता लोंबत होता. तो मारता मारता रडत होता, आणि थकला तेव्हा तुतारी माझ्याकडे फेकून म्हणाला, "आता दवाखान्यात ने."

नवेगावच्या दवाखान्यात त्यानं डॉक्टरला सांगितलं, धुऱ्यावरून घसरलो. मी गप्प बसले. पण कामावर निघालेल्या बायांनी रस्त्यावरून सगळं पाहिलं होतं. सगळं म्हणजे मी काठी मारली आणि पाठीवर बसून तोंड चिखलात दाबलं, एवढंच. तार त्यांना तिथून दिसत नव्हती. दुपारपर्यंत गावभर झालं की शिकलेल्या पोरीनं वाटणीसाठी म्हाताऱ्याला मारलं. बाबाकडे लोक विचारायला गेले. तो काही बोलला नाही. खरं सांगितलं असतं तर भाऊ आत गेला असता. मला ते समजत होतं आणि समजून आणखी संताप येत होता. पोरगा वाचवायला त्यानं मला गावासमोर टाकलं. कुत्रं पुरलं, तार गुंडाळली आणि सगळ्यांनी तोंडं शिवली.

मी घरी जाणं सोडलं. पेटी काढून दुकानात आणली आणि हातोडीही उचलली. पण पेटीनं काय केलं होतं? तिला दिलेल्या पत्त्यावर ती गेली, तिथलं काम तिनं केलं. हातोडी ठेवली आणि तिला चौथं काम शिकवलं. आता कॉल कापायच्या आधी ती तारेला स्वतः तपासते. तार मेलेली असली तरच कापते. सगळ्या गावच्या पेट्यांत ते घालून दिलं, बोलणी खात खात. लोक पेटी द्यायला यायचे आणि माझ्या हातातल्या स्क्रू पिळायच्या पेचकसाकडे बघत लांबच उभे राहायचे.

धान निघाला, थंडी पडली. एका दुपारी मी दुकानात बसले होते आणि फोन वाजला. बाबा. वर पाहिलं तर तो रस्त्याच्या पलीकडे, टपरीसमोर उभा. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात फोन. माझ्याकडेच बघत होता.

मी कापला नाही. वाजू दिला. पूर्ण रिंग वाजून थांबली. त्याला ते कळलं. रिंग वाजत राहिली तर शिवायचं नाही. तो पाऊल न टाकता उन्हात उभा राहिला.

टपरीवरच्या एकानं हसत म्हटलं, "पोरीकडं जाता का बाबा? दुसरा बी मोडन ते."

टपरी भरलेली होती. बाबा त्याच्याकडे वळला नाही. माझ्याकडे बघतच, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं बोलला.

"तिनं मोडली म्हनून हाय हात. पोट्ट्यानं तारेत डायरेक्ट सोडला होता. नाई मोडती त मी कुत्र्यासंगं पुरलो असतो."

बाबानं खाली बघून, अंगठ्यानं चाचपडत, पुन्हा माझा नंबर लावला. फोन माझ्या हातात वाजला.

मी कापला. त्यानं फोन पाहिला, खिशात टाकला आणि रस्ता ओलांडून आत आला.